मदत हवी आहे: प्युई मारीचा रस्ता बंद दाखवतोय

भटकीमैना
लवकर सांगा प्लीज. आम्ही फ्रान्समध्ये सालेरला मुक्कामी आहोत. उद्या सकाळी प्युई मारी या डोंगरावर निघायचंय आणि नकाशा घाटाऐवजी भलताच वळसा घालतोय. घाट खरंच बंद आहे का?

घाटवाट
तारीख कुठली? गाडी आहे का?

भटकीमैना
उद्या म्हणजे १९ एप्रिल. गाडी आहेच.

घाटवाट
मग नकाशा बरोबर आहे. प्युई मारीच्या वाटेवरची पा द पेरोल ही खिंड १५८८ मीटरवर. बर्फामुळे हिवाळ्यात बंद करतात ती साधारण मेपर्यंत उघडत नाही. घाटाच्या तोंडाशी पाटी असते, 'फेर्मे' (म्हणजे बंद) दिसलं की मागे फिरा.

दुर्गवेडा
सालेर वाचून आपला बागलाणातला साल्हेर आठवला! १५६७ मीटर, म्हणजे या खिंडीच्या जवळपासच. दगडही दोन्हीकडे ज्वालामुखीचाच.

घाटवाट
दगडावरून बरोबरी नको. सह्याद्रीचा लाव्हा भेगांतून पसरला, थरावर थर. तिथला कांताल हा डोंगराळ भाग म्हणजे एकच अवाढव्य ज्वालामुखी होता, प्युई मारी त्याचाच उरलेला सुळका.

ल्यों_कर
त्याऐवजी प्युई द दोम या डोंगरावर जा. १४६५ मीटर, दातेरी रुळांची गाडी पंधरा मिनिटांत माथ्यावर नेते. वर मर्क्युरीच्या रोमन मंदिराचे अवशेष, समोर ज्वालामुखींची अख्खी रांग. २०१८ पासून ती जागतिक वारसा आहे.

घाटवाट
सालेरहून दोन-अडीच तास ड्रायव्हिंग आहे ते. त्यापेक्षा सालेरच बघा, काळ्या दगडाची घरं, बुरुजांचा चौक.

सुगरण
त्रुफाद हा तिथला पदार्थ मागवताना विचारून घ्या, बटाटा आणि कोवळं चीज असलं तरी बरेचदा डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. सालेर चीजही घ्या. ते १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबरच करतात, गाई चरायला सोडल्यावर. आत्ता दुकानात मिळेल ते मागच्या हंगामाचं. सालेर जातीची तांबडी गाय वासरू पायाशी बांधल्याशिवाय पान्हा सोडत नाही. मी धार काढताना बघितलंय, अगदी आजोळचा गोठा आठवला.

भटकीमैना
खाण्याचं विचारलंच नव्हतं, पण बरं झालं सांगितलंत, सासूबाई शाकाहारी आहेत. त्यांचे गुडघेही दुखतात.

घाटवाट
अहो ताई, हे आधी सांगायचं! घाट उघडा असता तरी खिंडीपासून माथा जवळपास २०० मीटर वर आहे, बऱ्याच पायऱ्या. ल्यों_करांचं ऐका, रेल्वेनेच जा. निघण्याआधी वेळापत्रक मात्र बघा.

भटकीमैना
ठरलं. उद्या दिवसभर सालेर आणि गोठा, परवा प्युई द दोम. सुगरणताई, धार किती वाजता काढतात?