मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉलवाले रिक्रूटिंगवर एवढा खर्च करतात, त्यातला आमच्या मुलावर किती?

खटपटी_आई

नमस्कार मंडळी,

आम्ही अटलांटाच्या उत्तरेला राहतो. मुलगा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये किकर आहे, म्हणजे चेंडू लाथ मारून गोलच्या खांबांमधून घालणारा. लहानपणापासून सॉकर खेळायचा, पाय चांगला लागतो म्हणून कोचने नववीत इकडे ओढला. आता ज्युनिअर, म्हणजे अकरावीत आहे. 45 यार्डांपर्यंत चेंडू खांबांमधून घालतो, त्यापुढे गणपतीबाप्पाची मर्जी.

गेल्या वर्षभरात कॉलेजांकडून इतकी पत्रं आली की बुटांचा एक खोका भरला. चकचकीत कार्डं, कॉलेजच्या जर्सीत त्याचा फोटो चिकटवलेली चित्रं, कॅम्पची आमंत्रणं. ह्यांनी सगळ्याची एक्सेल शीट केली आहे (आमच्याकडे दूधवाल्याचीही असायची). ह्यांचं म्हणणं, कॉलेजं एवढा टपालखर्च करतायत म्हणजे त्यांना मुलगा हवाय.

त्यात ओळखीतून एक रिक्रूटिंग (म्हणजे कॉलेजांनी हायस्कूलमधले खेळाडू हेरून आपल्याकडे खेचणं) सल्लागार भेटले. पॅकेज 4,200 डॉलर. व्हिडिओ बनवणार, कोचना ईमेल पाठवणार. त्यांचं एक वाक्य ह्यांच्या डोक्यात बसलंय (जॉर्जिया म्हणजे इथलं जॉर्जिया विद्यापीठ): "जॉर्जिया वर्षाला काही मिलियन रिक्रूटिंगवर घालवते, मग तुम्हीही थोडे घालायला नकोत का?"

माझे प्रश्न असे. हे मिलियन नक्की कशावर जातात? एखादं कॉलेज किती खर्च करतं ते आपल्याला बघता येतं का? आणि त्या आकड्यावरून आमच्या मुलाबद्दल काही कळतं का?

पेठेतला_गोलकीपर

ताई, आधी वाटलं आपला फुटबॉल. आमच्या कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ नायजेरियाहून खेळाडू आणतात, त्यांची राहायची-जेवायची सोय पेठेतली माणसं बघतात. पण मिलियन डॉलर? त्यात शाहू स्टेडियमवर पुढची कैक वर्षं सामने होतील. मदत शून्य, पण धागा वाचतोय.

ऑस्टिनचा_हिशेबनीस

फुटबॉलशी माझा संबंध शनिवारी टीव्हीपुरता. पण एका सरकारी विद्यापीठात अकाउंट्समध्ये बरीच वर्षं काढली, त्यामुळे आकड्यांचं सांगतो.

सल्लागारांचा आकडा खोटा नाही. जॉर्जियाने 2019 च्या आर्थिक वर्षात फुटबॉल रिक्रूटिंगवर सुमारे 37 लाख डॉलर घातले होते, 2022 मध्ये सुमारे 45 लाख. सरकारी विद्यापीठांत देशात सगळ्यात वर. पण या खात्यात काय बसतं ते बघा: कोचांचा प्रवास (चार्टर विमानं धरून, त्यांचे मुख्य कोच कर्बी स्मार्ट हायस्कूलच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरतात ते तुमच्याकडे सगळ्यांना माहीत असेलच), बोलावलेल्या मुलांचं आणि घरच्यांचं तिकीट, हॉटेल, जेवण, शिवाय फोन आणि टपाल. रिक्रूटिंग विभागात दिवसभर व्हिडिओ बघणाऱ्या माणसांचे पगार यात धरत नाहीत, ते पगारांच्या खात्यात जातात. म्हणजे खरा खर्च याहून मोठा.

आता गंमत. आमच्या गावातल्या टेक्सस विद्यापीठाने जून 2022 मध्ये आर्च मॅनिंगला, म्हणजे तेव्हाच्या हायस्कूलमधल्या सगळ्यात गाजलेल्या क्वार्टरबॅकला, बोलावलं होतं. त्या एका वीकेंडचं बिल पुढे पेपरात आलं: जवळपास 2 लाख 80 हजार डॉलर. पाहुणी मुलं किती? 9, आणि त्यांच्या घरची मंडळी. मुक्काम पंचतारांकित. भागाकार तुमच्या ह्यांच्या एक्सेलला करू द्या. पैसा असा मोजक्या मुलांभोवती साचतो. हजारो कार्डं छापून पाठवायला त्या मानाने चणेफुटाण्याचे पैसे लागतात.

बघायचं कुठे: केंद्राच्या शिक्षण खात्याच्या साइटवर ईएडीएचे (कॉलेजांनी खेळांच्या जमाखर्चाचा सरकारला द्यायचा अहवाल) आकडे फुकट दिसतात, खाजगी कॉलेजांचेही. मेख अशी की तिथे रिक्रूटिंगचा आकडा पुरुषांच्या सगळ्या टीम्सचा एकत्र आणि महिलांचा एकत्र असतो, फुटबॉलचा वेगळा नाही. फुटबॉलचा सुटा आकडा एनसीएएला (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) दर वर्षी पाठवायच्या अहवालात असतो. तो सरकारी विद्यापीठाकडून माहितीच्या कायद्याखाली मागता येतो. आपल्या आरटीआयसारखंच. खाजगी कॉलेजांना ते बंधन नाही. आणि तुमच्या जॉर्जियात 2016 साली कायदा बदलून खेळ विभागांना अशा अर्जांवर उत्तर द्यायला तब्बल 90 कामाचे दिवस दिले आहेत. बाकी खात्यांना 3. त्यामुळे आज अर्ज केलात तर उत्तर येईपर्यंत पोरगं सीनिअर होईल.

खटपटी_आई

हिशेबनीस, भागाकार झाला. एका मुलामागे 31 हजारांच्या वर. हे दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

मग खोका खाली ओतून बसले. एकूण 63 पत्रं. त्यातली 41 सरळसरळ कॅम्पची जाहिरात, प्रत्येकावर फी छापलेली. 7 वर मुलाचं नाव चुकलंय, 'अथर्व'चा 'आर्थव्हा' झालाय. शाईने हाताने लिहिलेलं एकच, दोन ओळींचं, कुठल्याशा छोट्या कॉलेजचं. ते आम्ही आजवर वाचलंच नव्हतं, चकचकीत कार्डांखाली दबून गेलं होतं.

तिखट_चकली

ताई, तो एकच कागद वर ठेवा.

माझा मुलगा पंटर (हातातून सोडलेला चेंडू लांब लाथाडणारा) होता, डिव्हिजन थ्रीत, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात खालच्या गटात खेळून गेल्या वर्षी ग्रॅज्युएट झाला, म्हणून हक्काने लिहिते. आमच्याकडे या कॉलेज बघण्या-दाखवण्याला आम्ही कांदेपोहे म्हणायचो. ऑफिशियल व्हिजिट म्हणजे समोरच्यांनी स्वतःच्या खर्चाने बोलावणं: प्रवास, राहणं, जेवण त्यांचं, फार तर दोनेक दिवस. अनऑफिशियल म्हणजे तुम्ही स्वतःच्या पेट्रोलने जाऊन कॅम्पस बघून येणार, फार तर मॅचची तिकिटं मिळतील. आणि कॅम्प म्हणजे तुम्ही फी भरून पोहे खायला जाणार. कॅम्प वाईट नसतो, कोच तिथे खरंच मुलं बघतात. पण त्याचं आमंत्रण म्हणजे स्थळ आलं असं नाही. आम्ही एका कॅम्पला 9 तास गाडी हाणत गेलो. शंभरावर मुलं रांगेत, दिवसभरात माझ्या मुलाच्या वाट्याला 6 पंट. मी बाकड्यावर बसून पुऱ्या संपवल्या.

किकरसाठी आणखी एक. मोठ्या टीम्स किकरला पहिल्या दिवसापासून स्कॉलरशिप क्वचित देतात, बरेच जण वॉक-ऑन म्हणून (स्कॉलरशिपशिवाय) शिरतात आणि पुढे कमावतात. पूर्वी स्कॉलरशिपची मर्यादा 85 होती आणि वॉक-ऑन धरून टीम 120च्या पुढेही जायची. जून 2025 मध्ये हाउस खटल्याचा (खेळाडूंनी मोबदल्यासाठी एनसीएएवर केलेला) समझोता कोर्टाने मंजूर केला, तेव्हापासून जी कॉलेजं त्यात आहेत त्यांची टीमच 105 वर थांबते. कापाकापी पहिली वॉक-ऑनवर आली. शिवाय त्याच समझोत्याने कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. आता मुलगा आपल्याकडे खेचायचा खरा खर्च तिथे आहे. त्याच्यापुढे हॉटेल-विमानाचे 45 लाख म्हणजे आहेराचं पाकीट. आणि अनुभवी किकर हवा असेल तर ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आयता मिळतो, मग अकरावीतल्या मुलाची वाट कोण बघतो.

डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसते. मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. आम्हाला मार्कांमुळे फीचे जे पैसे सुटले ते 4,200च्या कितीतरी पट होते. सल्लागार ईमेल पाठवणार म्हणता, ते तर मुलानेच पाठवायचे असतात. कोचना आईबापांचा ईमेलसुद्धा आवडत नाही, मग तिऱ्हाईताचा काय आवडणार.

पेठेतला_गोलकीपर

हे वाचून तालमीतल्या पोरांना सांगितलं. एक म्हणाला, "एका पोरामागे 31 हजार डॉलर, आणि मटणाचा रस्सा नाही?"

खटपटी_आई

अपडेट. सल्लागारांना नाही कळवलं. ह्यांनी 300 डॉलर ॲडव्हान्स आधीच भरले होते, ते मला आज कळलं. परत मिळत नाहीत. त्याची नोंद शीटमध्ये मीच लाल रंगात केली.

त्या हाताने लिहिलेल्या पत्राला अथर्वने स्वतः उत्तर लिहिलं, तेही आम्हाला न दाखवता. दोन दिवसांत कोचचा फोन. फिजिक्सचे मार्क विचारले, मग म्हणाले की खांबांच्या मागे कॅमेरा ठेवून काढलेले व्हिडिओ पाठव, आणि किकऑफची (खेळ सुरू करताना मारायची किक) हँग टाइम, म्हणजे चेंडू किती सेकंद हवेत राहतो ते कळव.

तर आता चकलीताईंना प्रश्न: हँग टाइम तुम्ही फोनवर मोजायचात की वेगळं स्टॉपवॉच? काल ह्यांनी मोजली तर एकाच किकची 3.4 आली आणि माझी 3.9, आणि पोरगं म्हणतंय आईचीच पाठवूया.