पेशंटला घरची परिस्थिती विचारल्याने तब्येतीत फरक पडतो का?

धंतोलीकर: नागपुरात गडचिरोली, बालाघाटवरून पेशंट येतात, औषध लिहून मिळते पण घरी खायला आहे का, परत यायला भाडं आहे का हे कोणी विचारत नाही. विचारून फरक पडते का?

सिस्टर_ताई: पडते ना भाऊ, पण विचारल्यावर काही दिलं तरच. झारखंडमध्ये टीबी पेशंटच्या घरच्यांनाही रेशन दिलं तर त्यांच्यात नवीन टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला, 2023 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलं होतं. आमच्या वॉर्डातल्या एका काकूंची शुगर उतरतच नव्हती, विचारलं तेव्हा कळलं घरी फ्रीजच नाही, इन्सुलिन टिनाखाली तापत होतं, मे महिन्यात! ओल्या मडक्यात ठेवायला शिकवलं.

मानेवाडा: टीबी पेशंटला खाण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे आता महिन्याला 1000 रुपये मिळतात, आधी 500 होते, पण बँक खातं लागते. डिस्चार्जच्या आधीच दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना (पेशंटला योजना, मदत मिळवून देणारे) भेटा.