मदत हवी: छोटं टर्बोशाफ्ट, सिंगल शाफ्ट की फ्री टर्बाइन?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट म्हणजे साधारण १०० एचपीच्या टर्बोशाफ्टचं (शाफ्ट फिरवून ताकद देणारं टर्बाइन इंजिन) डिझाइन, तेही कागदावरच, जे एका सीटच्या हेलिकॉप्टरलाही चालेल आणि एपीयू (मुख्य इंजिन बंद असताना वीज वगैरे देणारं छोटं जादा इंजिन) म्हणून जनरेटरही फिरवेल. आम्ही सोलर टी६२ हे छोटं टर्बाइन इंजिन समोर ठेवून सिंगल शाफ्ट (कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि लोड सगळं एकाच शाफ्टला जोडलेलं) धरलं, कारण या टी६२ चंच एक मॉडेल चिनूक हेलिकॉप्टरमध्ये एपीयू म्हणून असतं आणि दुसरं हेलिसायकल या एका सीटच्या हेलिकॉप्टरला बसवतात, मग अजून काय पाहिजे.

तर रिव्ह्यूमध्ये सर म्हणाले, मग ॲलिसन २५० या हेलिकॉप्टर इंजिनवाल्यांनी फ्री टर्बाइन (लोड फिरवणारी, वेगळ्या शाफ्टवरची टर्बाइन) काय हौस म्हणून टाकली का? आमचं म्हणणं असं की रोटर (हेलिकॉप्टरचा वरचा पंखा) एकाच आरपीएमवर फिरतो, जनरेटरलाही फ्रिक्वेन्सी एकच धरायचीय म्हणजे तोही एकाच आरपीएमवर, आणि चेतक हेलिकॉप्टरचं आर्टूस्ट इंजिन पण सिंगल शाफ्टच आहे की. सरांना काही पटलं नाही, पुढच्या शुक्रवारी परत उभं राहायचंय. कोणी या लाइनमधलं असेल तर प्लीज सांगा, विकी वाचून झालंय.

प्रतिसाद १:
सर बरोबर आहेत रे. स्टार्टचा विचार कर ना. सिंगल शाफ्टला रोटर थेट जोडलास तर स्टार्टर मोटर कॉम्प्रेसर ओढणार, गिअरबॉक्स ओढणार आणि वर तो अख्खा पंखा पण, आरपीएम मध्येच अडकणार आणि ईजीटी (एक्झॉस्ट गॅसचं तापमान) भडकणार. म्हणून तर चेतकमध्ये सेंट्रिफ्यूगल क्लच (वेग वाढल्यावरच आपोआप जोडणारा) आहे. २५० मध्ये गॅस जनरेटर (कॉम्प्रेसर आणि त्याला फिरवणारी टर्बाइन) एकटाच फिरायला लागतो, क्लचची भानगडच नाही. शिवाय लोड असो नसो, सिंगल शाफ्टचा कॉम्प्रेसर फुल स्पीडनेच हवा दाबत बसतो, त्यामुळे कमी लोडला इंधन फुकट जातं. चीता हेलिकॉप्टरचं चीतल करताना एचएएलने आर्टूस्ट काढून टीएम ३३३ इंजिन टाकलं, ते फ्री टर्बाइन, हे सरांना सांग.

पण जनरेटरला सिंगल शाफ्टच भारी. लोड अचानक आला तरी इंजिनचा सगळा फिरता भाग आधीच फुल स्पीडला असतो, इंधन वाढवलं की झालं. फ्री टर्बाइनमध्ये आधी गॅस जनरेटरने वेग घ्यायचा, तोवर फ्रिक्वेन्सी खाली.

धागाकर्ता:
बापरे, थँक्यू दादा! मग सिंगल शाफ्टच ठेवतो आणि क्लच टाकतो. पण तो इंजिनच्या ६०,००० आरपीएमच्या बाजूला की गिअरबॉक्सनंतर ६,००० ला?

प्रतिसाद १:
६,००० लाच. टॉर्क दहापट येईल, क्लच जाडजूड होईल, होऊ दे. ६०,००० ला त्याचे शूज (घासून पकड घेणारे भाग) टिकणार नाहीत, जरा बॅलन्स गेला की बेअरिंगपण गेलं. स्ट्रेसचं गणित करून ने, सर तेच विचारतील.