नव्या गाडीत पावसाचं पाणी येतं, वर्कशॉप म्हणतं 'नॉर्मल आहे': डिझाइनचा दोष कंपनीकडून दुरुस्त कसा करून घ्यायचा?

मांडवीकर

गाडी आठ महिन्यांची, ९,४०० किमी, रत्नागिरीत उघड्यावर उभी असते. जूनपासून पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी कार्पेटखालचा फोम भिजतो. वर्कशॉपच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा 'एसीचं पाणी', दुसऱ्यांदा काचेच्या कडेला सिलिकॉन, तिसऱ्यांदा 'कोकणातल्या पावसात एवढं चालायचंच'. याच मॉडेलच्या ग्रुपवर आणखी १४ जणांना याच जागी पाणी येतंय. सर्व्हिस ॲडव्हायझर तोंडी 'हो, माहीत आहे' म्हणतो, पण लिहून काहीच देत नाही. दोष डिझाइनचा आहे हे दाखवायचं कसं, आणि गाडी बदलून मागता येईल का?

पाना१०

आधी पाणी कुठून येतं ते पक्कं करा. 'गाडी गळते' एवढ्यावर कंपनी हलत नाही.

कोरड्या दिवशी एसी अर्धा तास चालवा. तेवढ्यानं फोम ओला झाला तर एसीची ड्रेन नळी तुंबलीय, विषय संपला. पाणी चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल तर तो कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव. दोन्ही नसेल तर एसी बंद ठेवून पाइपची चाचणी घ्या. ग्लोव्ह बॉक्स काढा, केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) जागेवरच राहू द्या, एकाला टॉर्च घेऊन आत बसवा. बागेचा साधा पाइप, पुढे नोझल नको. सुरुवात खालून करायची: दाराचा तळ, दाराचं रबर, पुढचा खांब आणि सगळ्यात शेवटी काउल, म्हणजे पुढच्या काचेखालचं, वायपरखालचं प्लास्टिकचं झाकण. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. प्रेशर वॉशर वापरूच नका. पाऊस जिथे पोचत नाही तिथेही तो पाणी घुसवतो, आणि कंपनीचा इंजिनिअर नेमकं तेच धरून बसेल.

आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. पाणी उतरलं की पांढऱ्यात एक काळपट रेघ उमटते; तिच्या वरच्या टोकाशी भोक सापडतं. फिल्टर भिजला तर पाणी ताज्या हवेच्या तोंडातून ब्लोअरमध्ये येतंय. फिल्टर कोरडा आणि पत्रा ओला, तर वायरिंग जिथून आत येतं तिथलं रबर ग्रोमेट किंवा जोडावरचं सीलर बघा.

आता तुमचा खरा प्रश्न. सीलरचा पट्टा एकाच गाडीत सुटला असेल तर ती जोडणीतली चूक. पण वेगवेगळ्या महिन्यांत बनलेल्या गाड्या त्याच जागी गळत असतील तर दोष आराखड्यात. ग्रुपवरच्या चौदा जणांकडून आरसीवरचा उत्पादनाचा महिना, किमी आणि फिल्टर ओला की कोरडा, एवढं एका तक्त्यात घ्या. गाडी उतारावर नाक खाली करून उभी केल्यावर जास्त गळते का, हेही विचारा. हवेच्या तोंडाची कड बुटकी असेल तर काउलमध्ये साचलेलं पाणी तसंच आत ओतलं जातं.

'पानं साचली होती, तुम्ही साफ केली नाहीत' हे उत्तर येणारच. त्यावर काउलच्या ड्रेनपर्यंत हात पोचायला वायपरचे दांडे उतरवावे लागतात का आणि ती सफाई मालकाच्या पुस्तिकेत सांगितलीय का, ते बघून ठेवा. दांडे उतरवावे लागत असतील आणि पुस्तिकेत काहीच नसेल, तर ते उत्तर टिकत नाही.

सगळ्यात भक्कम पुरावा स्पेअर पार्टच्या काउंटरवर मिळतो. तुमच्या काउलचा किंवा ग्रोमेटचा नंबर द्या आणि त्या जागी नवा नंबर आलाय का विचारा. शेवटचं अक्षर बदललेलं असेल तर तो सुट्टा भाग विकत घ्या, बिलासकट. जुना आणि नवा शेजारी ठेवून फोटो काढा. प्लास्टिकच्या भागामागे घड्याळासारखा छोटा गोल शिक्का असतो, बाण महिन्याकडे आणि मध्ये वर्ष. तोही फोटोत यायला हवा. कड उंच केलेली किंवा ड्रेन मोठा केलेला दिसला, तर दोष कंपनीनं स्वतःच हेरलाय हे वेगळं सांगावं लागत नाही.

जॉबकार्ड

वरच्या चाचणीचा व्हिडिओ एकाच सलग शॉटमध्ये घ्या. सुरुवातीला नंबर प्लेट आणि ओडोमीटर दाखवा.

तीन फेऱ्यांची जॉब कार्डं (वर्कशॉपनं तक्रार आणि काम नोंदवलेले कागद) हातात आहेत का? 'वॉटर लीकेज चेक्ड, ओके' असं लिहिलेलं असेल तर कागदावर तुमची तक्रार तीनदा दूर झालीय. पुढच्या वेळी ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात तुमचे शब्द जसेच्या तसे घालायला सांगा: 'पाऊस पडल्यावर पुढच्या डाव्या पायाशी पाणी, चौथी वेळ, आधीच्या जॉब कार्डांचे नंबर अमुक.' नकार दिला तर तिथेच उभं राहून तोच मजकूर वर्क्स मॅनेजरला ईमेल करा. गाडी घेताना समाधानाच्या कागदावर सही मागतात. तिथे 'पाऊस पडल्यावर तपासून कळवीन' असं लिहून मगच सही.

वर्क्स मॅनेजरनंतर कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर. त्याच्यासमोर पाइपची चाचणी मागा. कस्टमर केअरचा तक्रार क्रमांक घ्या आणि नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह, दोन पानांचं पत्र पाठवा. पहिल्या पानावर चासी नंबर, तारखा, गळतीची जागा. दुसऱ्यावर चौदा गाड्यांचा तक्ता. मागणी नेमकी हवी: सुधारित काउल आणि ग्रोमेट, भिजलेल्या फोमसह कार्पेट नवं, खालचे कनेक्टर तपासून लेखी अहवाल, या दुरुस्तीवर वाढीव वॉरंटी. मुदत १५ दिवस. 'योग्य ती कारवाई करावी' असं लिहिलंत तर उत्तरही तेवढंच मोघम येईल.

फोम उन्हात सुकतो असं समजू नका. वरून कोरडा लागतो, तळाशी पाणी धरून ठेवतो. सीटखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतात. त्यांच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर लगेच फोटो काढा. हात मात्र लावू नका, ते काम वर्कशॉपचं. तो थर आला की तक्रार निव्वळ ओल्या कार्पेटची राहत नाही, सुरक्षिततेची होते.

कलम८४

त्या पिवळ्या कनेक्टरवरून सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ११०अ १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपाय करू शकणारा दोष असेल तर केंद्र सरकार त्या प्रकारच्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. त्याचा एक मार्ग म्हणजे ठरावीक प्रमाणात मालकांनी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर तक्रारी नोंदवणं, म्हणून चौदाही जणांनी आपापल्या नावावर तक्रार टाका. ग्रुपवर कितीही लिहिलं तरी ते मोजलं जात नाही. नुसतं पाणी येतं म्हणून रिकॉल होईल असं मला वाटत नाही. एअरबॅगचं किंवा फ्यूज बॉक्सचं वायरिंग भिजतंय हे पुढे ठेवा.

तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. कलम ८४ मध्ये डिझाइनमधला दोष हा उत्पादकाच्या दायित्वाचा स्वतंत्र आधार आहे. दोषामुळे झालेल्या इतर नुकसानीची भरपाई त्याखाली मागता येते; खुद्द गाडीची दुरुस्ती किंवा बदली मात्र त्याच कायद्याखाली सदोष वस्तूची तक्रार म्हणून मागायची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बऱ्याच कंपन्या तिथे हलतात. नाही हलली तर जिल्हा ग्राहक आयोग: गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालतं. गाडी १० ते २० लाखांची असेल तर फी ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची, त्यामुळे 'पुढच्या पावसाळ्यात बघू' म्हणत दिवस घालवू नका. व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.

डीलर आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा, आणि कुणाचा दोष कोणता ते वेगवेगळं मांडा. गोव्यातल्या एका प्रकरणात डीलरनं जुनी गाडी नवी म्हणून विकली होती. उत्पादकाविरुद्ध नेमका आरोप आणि पुरावा नव्हता, म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला मोकळं केलं.

गाडी बदलून मिळणं अवघड आहे. २००६ मध्ये याच न्यायालयानं वॉरंटीत सदोष भाग बदलण्याचीच हमी असल्याचं सांगून पूर्ण गाडी देण्याचा आदेश फिरवला होता. उलट २०२२ मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या न उघडलेल्या एअरबॅगच्या प्रकरणात गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. म्हणून मुख्य मागणी सुधारित भागांची ठेवा. ते बसवूनही गळलं तर बदली गाडी किंवा परतावा, असा पर्याय त्याच अर्जात लिहा. कंपनीनं दोषच नाकारला तर कलम ३८ खाली आयोगाकडे तांत्रिक तपासणी मागा. तिची फी आयोग आधी तुम्हाला भरायला सांगू शकतो.

मांडवीकर

काउंटरवर विचारलं. काउलचा नंबर बदललाय, शेवटी 'ए'च्या जागी 'सी'. चौथी फेरी शुक्रवारी आहे. तोवर त्यांनी लावलेलं सिलिकॉन काढून टाकू का?

पाना१०

हात लावू नका. सिलिकॉन असतानाच पाइपची चाचणी घ्या. तरीही गळलं तर काचेची कड कारण नव्हती हे त्यांच्याच कामावरून ठरतं. नवा काउल आताच बसवू नका, बिल आणि पाकीट जपून ठेवा. शुक्रवारी एरिया मॅनेजर आला तर ओला फिल्टर त्याच्यासमोरच बाहेर काढा.