मदत हवी आहे: गॅस गिझर पेटतो आणि पाच मिनिटांत विझतो

पेठकर१२: सोमवारपासून हा त्रास आहे. नळ सोडला की लगेच पेटतो, पाणी कडक गरम येतं, मग पाच-सहा मिनिटांत विझतो. सेल परवाच बदललेत. मेकॅनिक शनिवारी येणार. तोवर काय खोलून बघू? लवकर सांगा.

निळी_ज्योत: तूर्त काहीच खोलू नका. सिलिंडर की पाइपचा गॅस? गिझर लावलाय कुठे? ज्योतीचा रंग कसा आहे?

खटपट्या: डायफ्रॅम, म्हणजे पाण्याच्या दाबाने पिन ढकलणारा रबरी पडदा, गेलाय. पाण्याचा कॉक बंद करा, इनलेटच्या नटातली जाळी काढून ब्रशने घासा. रबर कडक झालं की पिन पुरती पुढे सरकत नाही, गिझर पेटवणारा मायक्रोस्विच दबत नाही.

निळी_ज्योत: मग तो सुरुवातीलाच पेटला नसता.

खटपट्या: असंच काही नाही. वरच्या मजल्यावर सकाळी टाकी उतरली की प्रेशर पडतं आणि मध्येच विझतो. बादलीतली धार बघा, विझताना बारीक होते का.

लीड्सहून: प्रेशरचा काटा बघितला का? थंड असताना १ ते १.५ बार हवा. कमी असेल तर फिलिंग लूपने, म्हणजे पाणी भरायच्या जोडनळीने, पाणी भरा. कडाक्याच्या थंडीत धुरातून साचलेलं पाणी बाहेर सोडणारा कंडेन्सेट पाइप गोठला तरी बंद पडतो, त्यावर कोमट पाणी ओता.

निळी_ज्योत: ते तुमच्या इंग्लंडातल्या, घर आणि पाणी दोन्ही तापवणाऱ्या कॉम्बी बॉयलरचं झालं. इथल्या इन्स्टंट गिझरला रेडिएटरचं बंद सर्किट नसतं, त्यामुळे तो काटाही नसतो.

पेठकर१२: सिलिंडर आहे. गिझर बाथरूममध्येच, दाराच्या वर. धार सारखीच असते. थंडीमुळे खिडकी बंद ठेवतो. ज्योत आधी निळी, नंतर पिवळी. काल दार उघडं ठेवून बादल्या भरल्या तेव्हा नीट चालला. भाऊ म्हणतो सिलिंडर संपत आलाय.

निळी_ज्योत: सिलिंडर संपत असता तर दार उघडल्याने फरक पडला नसता. हवा कमी पडतेय. सहा लिटरचा गिझर तासाला साधारण किलोभर गॅस जाळतो, त्याला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये सगळी मिळून आठ घनमीटर. ऑक्सिजन घटला की ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, मग दाराची कडी काढायचंही भान राहत नाही. आजपासून त्या गिझरवर अंघोळ नको, पाणी शेगडीवर तापवा. मेकॅनिक धोका दिसताच गॅस बंद करणारा सेन्सर काढून वायर जोडून देतो म्हणाला तर अजिबात ऐकू नका.

खटपट्या: पिवळी ज्योत म्हणजे डायफ्रॅम नाही, मान्य. पण खिडकी उघडी ठेवली की भागेल ना?

निळी_ज्योत: नाही. वारा उलटा आला की धूर आतच येतो. गिझर बाल्कनीत न्या, वाऱ्याच्या थेट झोतात नको, आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. हलवताना बर्नर आणि तांब्याच्या पट्ट्यांमधली काजळी साफ करून घ्या, नाहीतर बाहेरही ज्योत पिवळीच राहील.

पेठकर१२: बाल्कनी चार मीटरवर आहे. पाणी गार नाही होणार?

निळी_ज्योत: अर्धा इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप घ्या, वरून फोमची नळी चढवा. चार मीटरमध्ये अर्धा लिटरच पाणी मावतं. पहिला तांब्याभर गार येईल, तेवढंच.