उन्हाळ्यात मेंढ्या अर्धा चारा गव्हाणीत ठेवतात. औषध द्यावं का?

प्रश्न
ऊन वाढल्यापासून मेंढ्या वाळलेलं गवत अर्ध्यावर सोडतात. ताप नाही, रवंथही चालू आहे. दुपारी मात्र धापा टाकत एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या राहतात. लेंड्या बारीक, कडक झाल्यात. थंडीत याच मेंढ्या गव्हाण चाटूनपुसून साफ करायच्या. जंताचं औषध देऊ की भूक वाढवणारं?

उत्तर १
आधी एक लेंडी फोडून बघा. आत गवताचे जाड तंतू दिसले, तर चारा नीट पचत नाहीये. पक्व गवतात लिग्निन, म्हणजे न पचणारा लाकडी भाग, वाढतं, प्रथिनं घटतात. कच्ची प्रथिनं (नत्रावरून मोजलेली एकूण प्रथिनं) साधारण ७ टक्क्यांखाली गेली की कोठीपोटातल्या, म्हणजे चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, जिवाणूंनाच नत्र पुरत नाही. मग चारा फुटत नाही, पुढे सरकत नाही, आणि पोट भरलेलंच राहतं. थोडी पेंड किंवा द्विदल चारा जोडीला द्या, वाळलेलं गवतही जास्त खाल्लं जाईल.

शिवाय चारा आंबताना पोटात उष्णता तयार होते, तंतुमय चाऱ्याची तर जास्तच. बाहेर ऊन आणि आत ही भट्टी. मेंढी खाणं कमी करते ते जीव राखायला. अशा जनावराला भुकेचं औषध देणं मला अजिबात पटत नाही. मुख्य वैरण उशिरा संध्याकाळी आणि पहाटे टाका. पाणी सावलीत, दिवसभर हवं. पाणी कमी पडलं की खाणंही घटतं.

जंतांसाठी खालची पापणी ओढून बघा. पांढुरकी असेल तर रक्त कमी झालंय, लेंडी तपासून मगच औषध.

उत्तर २
थंडीत जास्त खातात म्हणून अंगाला लागतंच असं नाही. कडाक्याच्या थंडीत, विशेषतः लोकर नुकतीच कातरली असेल तर, चारा पोटातून लवकर पुढे जातो आणि कमी पचतो. दिवसाची लांबीही भूक ठरवते. स्कॉटलंडच्या सोए मेंढ्यांसारख्या उत्तरेकडच्या जातींची भूक मोठ्या दिवसांत वाढते आणि लहान दिवसांत घटते, चारा तोच असला तरी.

प्रश्नकर्ता
पापणी लाल आहे. लेंडीत तंतू दिसले. दोन मेंढ्या शेवटच्या महिन्यात गाभण आहेत, त्यांनाही हेच?

उत्तर १
नाही, त्यांना आजच वेगळ्या काढा. पोटात पिल्लं वाढलेली असताना खाणं घटलं तर मेंढी अंगातली चरबी वेगाने जाळते आणि गर्भविषबाधा होऊ शकते. त्यांना थोडं धान्य, चांगला पाला थोडाथोडा, दिवसातून बरेचदा द्या. एखादी कळपापासून बाजूला, सुस्त उभी दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, पशुवैद्यांना बोलवा.