छंद हवाय, जोडधंदा नको : महिन्याला दोनशे रुपयांत काय जमेल?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितेच.

मी नाशिकची, सिडकोत राहते, वय ४४. मिस्टरांची कंपनी मागच्या दिवाळीनंतर बंद पडली. आता ते दुसरीकडे कंत्राटी कामाला जातात, पगार आधीच्या निम्म्याहून कमी. मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. घराचा हप्ता ११,४०० रुपये, मुलगी बारावीला. हप्ता चुकलेला नाही, दोन वेळचं नीट होतं. पण हात आखडता घेताना घरातून जे पहिलं गेलं ते माझं होतं. ते परत कसं आणायचं, एवढंच विचारायचंय.

चार वर्षं मी दर रविवारी दुपारी जलरंगांच्या क्लासला जायचे. महिन्याला १,२०० रुपये फी, वर कागदाचा खर्च वेगळा. जलरंगाला जाड कागदच लागतो, साधा कागद पाण्यानं फुगून वर येतो. आधी फी थांबवली, मग कागद आणणं थांबवलं. ट्यूबा उरल्या होत्या त्या पुरवून पुरवून वापरल्या. किरमिजी रंगाची शेवटची ट्यूब पोळपाटावर ठेवून लाटण्यानं लाटली, नंतर कात्रीनं उभी चिरली आणि आत चिकटलेला रंग ओल्या ब्रशनं काढला. त्यात जास्वंदीचं फूल काढत होते. चार पाकळ्या झाल्या, पाचवीला रंग पुरला नाही. ते चित्र अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे, रोज साडी काढताना दिसतं.

आता रविवारी दोन ते पाच मी फोन बघते. पाच वाजता उठते तेव्हा डोकं जड आणि मन रिकामं. क्लासहून घरी यायचे तेव्हा स्वयंपाकसुद्धा हलका वाटायचा, तो फरक मला रोज जाणवतो.

काय करून पाहिलं तेही सांगते, म्हणजे तेच तेच सुचवलं जाणार नाही. सकाळी चालायला जाते, पण तो व्यायाम झाला. वाचन आवडतं. आमच्या नाशिकला १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, जमेल तेव्हा जाते. पण मला हाताला काम हवंय. बोटांना रंग लागेल, माती लागेल असं काहीतरी. बाल्कनीत कुंड्या ठेवल्या होत्या. ती पश्चिमेला आहे, एप्रिल-मेच्या उन्हात सगळं करपलं, आणि माती-खत विकत आणणं परवडत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. कोणालाही सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं : "अगं, चित्रं विक ना", "क्रोशाचे रुमाल कर, चांगले जातात", "डबे सुरू कर". सगळे मायेनंच सांगतात. पण आठवडाभर मी पैशाचाच हिशेब करते. या तीन तासांत मला काही विकायचं नाही. कोणाला दाखवायचंसुद्धा नाही. हे चूक आहे का? मुलीच्या क्लासची फी भरायची असताना स्वतःसाठी साठ रुपयांची वही घ्यायला हात पुढे होत नाही. तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १ (पुणे)

ताई, अजिबात चूक नाही.

माझी नोकरी गेली होती तेव्हा मी खिडकीत बसून पक्षी ओळखायला लागलो. दुर्बीण नव्हती, आजही नाही. समोरच्या उंबरावरून टुक टुक टुक असा आवाज यायचा, तासन्‌तास, तांब्याच्या भांड्याला ठोके द्यावेत तसा. आठ दिवस शोधत होतो. शेवटी दिसला तो हिरवा, चिमणीहून जरा थोराड, कपाळावर लाल टिळा. तांबट. ओरडताना चोच उघडत नाही, नुसता गळा फुगतो, म्हणून आवाज कुठून येतोय ते कळत नाही. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन नावाचं ॲप फुकट आहे, पण आधी कानानं ओळखून बघा. तुम्हाला चित्र येतं, तर जो दिसेल तो वहीत काढताही येईल.

प्रतिसाद २ (सातारा)

मोडी शिका, मराठीची जुनी लिपी. एक रेघांची वही आणि पेन, बाकी खर्च नाही. आधी ओळीवर सलग आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही. बोटं अगदी रमतात. मी मूळाक्षरांचे तक्ते बघून दोन-अडीच महिन्यांत लिहायला लागले. वाचायला मात्र वेळ लागतो, कारण जुन्या कागदांत प्रत्येकाचं वळण वेगळं. घरात पणजोबांचं खरेदीखत पडून होतं. त्यातलं आमच्या गावाचं नाव पहिल्यांदा लागलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं वाचत बसले होते.

प्रतिसाद ३ (सिंधुदुर्ग)

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. आमच्या पोरांकडे रंगपेटी नसायची, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे. चित्रकला सोडू नका, रंग बदला.

कागदापासून सुरू करू. घरात जुन्या लग्नपत्रिका असतील. आतली कोरी बाजू जाड असते, पाणी बऱ्यापैकी सोसते. फक्त चकचकीत लेपाच्या घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही.

रंग स्वयंपाकघरात आहेत. चहापूड दाट उकळून गाळली की तपकिरी. एकावर एक हात देत गेलात तर फिकटापासून काळपटापर्यंत चार-पाच छटा सहज निघतात. हळदीचा पिवळा. कुंभाराकडून किंवा पूजेच्या दुकानातून गेरू आणा, दहा रुपयांत वर्षभर पुरेल. पाट्यावर पाण्यात उगाळा. पणतीवर वाटी उपडी धरून काजळी धरा. जुन्या पोथ्यांची शाई काजळी आणि डिंकाचीच असायची.

डिंक विसरू नका. विकतच्या जलरंगातही डिंकच असतो, त्यानंच रंग कागदाला धरतो. बाभळीच्या डिंकाचे दोन खडे अर्धी वाटी कोमट पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी फडक्यातून गाळा, वर एक लवंग टाका म्हणजे लवकर बुरशी येणार नाही. रंगाच्या चमचाभर पाण्याला त्याचे चार-पाच थेंब पुरे. जास्त झाला तर वाळल्यावर तडकतो.

आता तुमच्या जास्वंदीबद्दल. हळदीच्या पाण्यात खायचा चुना नखभर कालवा. बघता बघता लाल होईल. कुंकू याच रीतीनं करत आले आहेत. चुन्याचा हात डोळ्याला लावू नका, एवढंच.

एक खरं सांगून ठेवतो, हळद उन्हात उडते. हे रंग विकतच्या रंगांसारखे टिकणार नाहीत. पण तुम्हाला विकायचं नाही, मग टिकायची सक्ती कुणाची?

पालघरकडच्या वारली चित्रांचा पांढरा रंग म्हणजे तांदळाचं पीठ, आणि ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. जिव्या सोमा मशे यांना त्याच कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. साधन हलकं म्हणून काम हलकं होत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तिन्ही प्रतिसाद मिस्टरांना वाचून दाखवले.

सर, रविवारी करून पाहिलं. डिंक घरात होता, डिंकाच्या लाडवांचा उरलेला. चुना कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून आणला, पाच रुपये. गेरू अजून आणायचाय. पांढऱ्या बशीत हळदीचं पाणी घेतलं आणि काडीच्या टोकानं चुना लावला. काडी टेकली तिथून लाल रेघ सुटली आणि पिवळ्यात पसरत गेली. मी लेकीला हाक मारली. ती पुस्तक हातात घेऊनच आली आणि म्हणाली, "आई, हे तर आमच्या केमिस्ट्रीत आहे." मग पाऊण तास तीही बसली. चहाच्या पाण्यात तिनं आमच्या जिन्याची खिडकी काढली. तिच्या मामाच्या लग्नपत्रिकेवर.

मी कपाटावरचं चित्र काढून घेतलं आणि पाचवी पाकळी भरली. ओली असताना शेजारच्या चारींशी छान जुळली होती. सकाळी बघते तर विटकरी-तपकिरी झालेली. मला आधी वाईट वाटलं, पण आता ती पाकळी वाळलेली दिसते आणि तसंच ठेवणार आहे. तरी विचारते, हा लाल टिकवायला काही करता येतं का? की खाली गेरूचा हात द्यायचा?

आणि दुसरं, निळ्याचं काय? स्वयंपाकघरात निळं काहीच सापडलं नाही. सोसायटीच्या कुंपणावर गोकर्णाचा वेल आहे, सध्या भरून फुललाय.

प्रतिसाद ३

गेरूचा हात द्या, ते बरोबर सुचलं. चुना हवेत राहून निवतो, म्हणून लाल परततो. त्याला इलाज नाही.

गोकर्ण उत्तम. दहा-बारा फुलं घ्या, देठ काढा, दोन चमचे गरम पाण्यात चुरडून झाकून ठेवा. गर्द निळा येईल. त्यातला थोडा वेगळा काढून एक थेंब लिंबू पिळा, जांभळा होईल. लेकीलाही शेजारी बसवा. फुलं सकाळची ताजी घ्या.

धागाकर्ती

उद्या कामावर जाण्याआधी तोडून ठेवते.